साठ की एकशेवीस

कोळवणवरून तिकोना गडाकडे निघाले होते. वाटेत पावसानं गाठलं, म्हणून रस्त्याकडेच्या एका घराच्या पडवीत शिरले. पाचवीतली एक मुलगी तिथं पालथी पडून कोन मोजत होती. वहीत तिनं स्वतःचं घर काढलं होतं आणि आढ्याशी दोन उतार मिळतात तिथं लिहिलं होतं, ६०°.

"मावशी, बरोबर आहे ना?"

कोनमापकाच्या एकाच रेघेवर दोन आकडे असतात. एक डावीकडून मोजत येतो, दुसरा उजवीकडून. ६० आणि १२० तिथं एकमेकांना खेटून बसलेले. मी काही बोलायच्या आत तिची आजी म्हणाली, "आगं, साठ कसं असंल? कोपऱ्यापरीस फाकलंय की ते." आजी वहीत बघतच नव्हती. ती वर, कौलांकडे बघत होती.

मोजण्याआधी ओळखायचं असतं. घराचा कोपरा म्हणजे काटकोन, ९० अंश. त्याहून मिटलेला तो लघुकोन. त्याहून उघडलेला, पण अजून सरळ रेषेला न पोचलेला, तो विशालकोन. एवढं डोळ्यांनी ठरवलं की कुठला आकडा वाचायचा ते कोनमापकाला विचारावं लागत नाही. शाळेत पहिले काही दिवस कोनमापक दप्तरातच राहू द्यावं, असं मला मनापासून वाटतं.

आणि विशालकोन हे नाव किती मोकळं आहे! इंग्रजीत याच कोनाला बोथट, मठ्ठ अशा अर्थाचा शब्द आहे.

माझं आजोळ ताम्हिणीच्या अंगाला. तिथलं जुनं घर गवतानं शाकारलेलं होतं, असं आई सांगते. गवतावर पाणी रेंगाळलं की ते कुजतं, म्हणून उतार चांगला ४५ अंशांचा, कधी त्याहूनही उभा. म्हणजे आढ्यापाशी काटकोन, नाहीतर लघुकोन. पुढं मंगलोरी कौलं आली. त्यांना तिसेक अंशांचा उतार पुरतो, म्हणून आढं १२० पर्यंत उघडलं. मी पाहिलं ते हे घर. त्याच्या पायाची आखणी मामा अजून सांगतो: गवंड्यानं कोपऱ्यातून एका बाजूला ३ फूट मोजले, दुसऱ्या बाजूला ४, आणि तिरकी दोरी ताणली. बरोबर ५ भरली तर कोपरा गुण्यात, म्हणजे काटकोनात. जास्त भरली तर फाकला, कमी भरली तर मिटला. वेदी आखण्याविषयीच्या बौधायनाच्या शुल्बसूत्रातही हे माप आहे, आणि शुल्ब म्हणजे दोरीच.

आता तिथं पत्रा आहे. पत्र्याला पंधराएक अंश पुरे होतात, आढं १५० वर गेलंय. तीन छपरांत कोन असा उघडत गेला आणि माळा मात्र बसत गेला. आईच्या लहानपणी माळ्यावर माणूस ताठ उभा राहायचा. आंबेमोहराचं बियाणं, लसणाच्या जुड्या, इरली, सगळं तिथं. मी चढायचे तेव्हा मधोमध वाकून उभं राहता यायचं, कडेला रांगावं लागायचं. आता वर हातच जातो. मामी तिथं रिकामे डबे ठेवते. गवताखाली पाऊस ऐकू यायचा नाही म्हणे, फक्त वास यायचा. कौलांवर तो टपटपायचा. पत्र्याखाली श्रावणात आम्ही खुणांनी बोलतो.

मुलीनं खोडरबरानं ६० पुसला. १२० लिहिण्याआधी ती उठून पडवीच्या टोकाला गेली आणि वर बघून आली.

पाऊस जरा ओसरला, तसा पलीकडे मावळातला तिकोना दिसू लागला. तिनं एक डोळा मिटला आणि कोनमापक त्याच्यासमोर धरलं. गडाच्या माथ्याचा कोन मिटलेला की फाकलेला, ते तिला आधी ओळखायचं होतं. मी श्वास रोखून उभी. तेवढ्यात ढग माथ्यावर उतरला.

"थांब जरा," आजी म्हणाली, "निघंल परत."