उकळलेलें पाणी

“पाणी उकळलें कीं शुद्ध झालें,” असें आम्हीं जन्मभर वर्गांत सांगितलें. गेल्या वैशाखांत ठाण्यास कौपिनेश्वराचें दर्शन घेऊन आम्ही मासुंदा तलावाच्या काठीं बसलों होतों. कडेच्या पाण्यावर हिरवी साय धरली होती. ती पाहून आम्हीं तेंच वाक्य उच्चारलें, तोंच शास्त्रशाखेंत शिकणारी आमची नात म्हणाली, “आजोबा, येथें तें लागू पडत नाहीं.”

तिनें सांगितलें तें असें : अशी साय पुष्कळदां नीलहरित जीवाणूंची असते. त्यांतील मायक्रोसिस्टिसचे कांहीं प्रकार मायक्रोसिस्टिन नांवाचें यकृतघातक विष घडवितात. एन्झाइम हे पेशींतील कारागीर. त्यांची रांगच या कामीं लागते. प्रत्येक जण आपला तुकडा जोडून पुढच्याच्या हातीं देतो आणि शेवटीं सात अमिनो आम्लांचें कडें पुरें होतें. उकळल्यानें जीवाणू मरतो, कडें तुटत नाहीं. उलट पेशी फुटून विष पाण्यांत उतरतें. कोणती साय विषारी, हें नुसत्या डोळ्यांस कळत नाहीं.

नीलहरित जीवाणूंचेंच दुसरें द्रव्य डोलास्टॅटिन १०. त्याच्या धर्तीवर सिद्ध केलेल्या औषधास लसीकापेशींच्या कर्करोगावर अमेरिकेंत २०११ सालीं मान्यता मिळाली. वर्ण आणि त्यांचा क्रम पालटला कीं अर्थ पालटतो, हें व्याकरण आम्हांस नवें नव्हतें.

जन्मभर शिकविलेलें एक वाक्य साठीनंतर खोडावें लागलें. तें नातीनें खोडलें, याचें समाधान आहे.