मेमोवरील तारीख

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत चालविणाऱ्या एका शेठजींच्या घरी गेल्या वर्षी पर्युषणाच्या दिवसांत एक धनादेश कपाटात पडून होता. रक्कम 6 लाख 40 हजार, धनादेशावरील तारीख 1 ऑगस्ट. 7 ऑगस्टला तो न वटता परत आला होता. सोबत बँकेचा मेमो होता, ‘शिल्लक अपुरी’. देणेकरी समाजातलाच, मसाल्याचा कारखानदार. संवत्सरीला तो सहकुटुंब घरी आला, ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणून वाकला आणि जाता जाता उंबऱ्यात हळूच म्हणाला, “शेठजी, दसऱ्यापर्यंत थांबा.” अशा दिवशी ‘नाही’ कोण म्हणणार? शेठजी थांबले.

सप्टेंबरच्या मध्यास सूनबाई कागद लावीत असता तो मेमो त्यांच्या हाती आला.

“बाबूजी, याची नोटीस गेली का?”

“समाजातल्या माणसाला नोटीस? आणि वकिलाकडे अजून जायचंच आहे, बेटा.”

नेमका येथेच घोटाळा होतो. धनादेश परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांच्या आत रकमेची लेखी मागणी व्हावी लागते. ती पोहोचल्यावर देणेकऱ्याला 15 दिवस मिळतात. तेवढ्यात पैसे न आल्यास पुढील एका महिन्यात फौजदारी तक्रार करावयाची असते. तक्रारीला झालेला उशीर सबळ कारण दाखविल्यास न्यायालय माफ करू शकते. नोटिशीच्या 30 दिवसांना तशी सवलत कायद्याने दिलेली नाही. वास्तविक ही मागणी वकिलानेच करावी असे बंधन नाही. धनादेशाचा धनी स्वतःच्या सहीने ती करू शकतो. शेठजी वकिलाची वाट पाहत राहिले आणि 6 सप्टेंबर उलटून गेला.

सुदैवाने एक वाट उरली होती. धनादेशाचे आयुष्य तीन महिन्यांचे असते. तेवढ्या काळात तो पुन्हा भरता येतो आणि नंतरच्या वेळी परत आला तरी त्यावर कारवाई करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केले आहे. दसरा कोरडाच गेला. 6 ऑक्टोबरला धनादेश पुन्हा बँकेत भरला; दुसऱ्याच दिवशी तो परत आला. या वेळी सूनबाईंनी मेमो हाती पडताच त्याच्या पाठीवर मिळाल्याची तारीख लिहिली.

मग त्या दोन रात्री कागदांपुढे बसल्या. बिल, काटापावती, मालमोटारीची बिल्टी, खातेउतारा, मोबाईलवरील संदेश. संदेशांची केवळ छायाचित्रे न काढता मूळ संदेश फोनमध्ये तसेच राहू दिले. शेवटी एका पानावर घडलेले सारे तारखेनिशी मांडले. त्यात संवत्सरीची भेटही होती आणि स्वतःचा उशीरही. हा उशीर लिहू नये असे शेठजींना वाटत होते. पण आपल्याच वकिलापासून लपविलेली गोष्ट पुढे विरुद्ध पक्षाच्या तोंडून बाहेर येते, आणि ती फार महागात पडते.

त्या कागदांतच दुसरे दुखणे निघाले. त्याच कारखानदाराकडे चार वर्षांपूर्वीच्या एका बिलाचे 1 लाख 85 हजार येणे होते. खातेवहीत ते दरवर्षी पुढे ओढले जात होते. शेठजींच्या मते ते जिवंतच होते. परंतु अशा येण्यासाठी दावा लावण्याची मुदत तीन वर्षांची. तेवढ्यात देणेकऱ्याने सहीनिशी देणे मान्य केले असते, तर तेथून मुदत नव्याने सुरू झाली असती. आपल्या वहीत आपणच केलेली नोंद पुरावा असते खरी, पण केवळ तिच्या बळावर दुसऱ्याच्या माथी देणे बसत नाही. वर्षअखेरीस शिल्लक कळविणारे पत्र पेढीवरून दरवर्षी जात असे. त्यावर सही करवून आणणे मात्र कोणाला सुचले नव्हते. सहीसाठी माणूस धाडणे म्हणजे अविश्वास दाखविणे, असा पेढीवरचा जुना समज.

वकिलांनी फाईल चाळली, सूनबाईंनी लिहिलेल्या नोटिशीच्या मसुद्यात दोन वाक्ये बदलली. मूळ धनादेश व मेमो त्यांच्याकडे ठेवताना सूनबाईंनी पोच मागितली, तेव्हा शेठजी संकोचले. वकील मात्र हसून लिहून देऊ लागले. 10 ऑक्टोबरला स्पीड पोस्टाने नोटीस गेली. तीत एकही कठोर शब्द नव्हता. रक्कम, तारीख आणि मागणी, एवढेच होते.

ज्ञानपंचमीला, पंधरा दिवस संपायला दोन दिवस उरले असताना, कारखानदार स्वतः पेढीवर आला. 6 लाख 40 हजारांचा भरणा बँकेतून केल्याची पावती त्याने गादीवर ठेवली, चहा घेतला, मुलांची चौकशी केली. जुन्या बिलाचा विषय शेठजींनीच काढला. “ते पाहू,” तो म्हणाला. ते येणे मुदतीबाहेर गेले असले तरी लेखी वचन सहीनिशी मिळाल्यास पुन्हा उभे राहते, हे वकिलांनी सांगितले होते. सूनबाईंनी तयार ठेवलेला कागद पुढे केला. त्याने तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि “घरी दाखवून पाठवितो” असे म्हणून उठला.

कागद अद्याप आलेला नाही.