मोमोताचं सर्व्हिस बुक

आपल्या गोव्यात मैदान म्हटलं की फुटबॉल, आणि टीव्ही म्हटला की क्रिकेट. बॅडमिंटन आपण खेळतो पुष्कळ, पण बघतो कमी. ऑफिस सुटल्यावर हॉलमध्ये तासभर शटल मारून घामाघूम होणारे कितीतरी नोकरदार मला ठाऊक आहेत (मी त्यांतलाच एक). पण सायना, सिंधू, श्रीकांत यांच्यापलीकडचं नाव विचारा, गाडी अडते. म्हणून आज केन्तो मोमोता या जपानी खेळाडूविषयी लिहावंसं वाटलं. गेली काही वर्षं हा माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. त्याचं कारण थोडं खेळाचं आहे आणि बरंचसं माझ्या नोकरीचं.

मी सरकारी कारकून. लोकांची सर्व्हिस बुकं भरणं हे माझं काम. जन्मतारीख, नेमणूक, बढती, रजा, निलंबन, पुन्हा रुजू. तीस-पस्तीस वर्षांचं आयुष्य अशा एकेका ओळीत बसवायचं आणि खाली साहेबांची सही घ्यायची. मोमोताची कारकीर्द वाचताना मला सारखं वाटत राहिलं, या माणसाचं सर्व्हिस बुक माझ्याकडे आलं असतं तर मी त्यात काय लिहिलं असतं?

जन्म १ सप्टेंबर १९९४, कागावा प्रांत, शिकोकू बेट. 'सुपरमॅन'मधल्या क्लार्क केंटवरून वडिलांनी मुलाचं नाव केन्तो ठेवलं. मुलगा डावखुरा. प्राथमिक शाळा संपवून तो घरापासून शेकडो मैल दूर, फुकुशिमा प्रांतातल्या तोमिओका गावी बॅडमिंटनसाठी शिकायला गेला. बाराएक वर्षांच्या पोराला इतक्या लांब धाडणाऱ्या आईबापांचं मला नवलच वाटतं. आपण म्हापशाच्या मुलाला मडगावच्या कॉलेजात घालताना दहादा विचार करतो.

मार्च २०११ मध्ये भूकंप झाला, त्सुनामी आली, फुकुशिमाचा अणुप्रकल्प फुटला. तोमिओका त्या प्रकल्पाच्या अगदी जवळ. गाव रिकामं झालं, शाळा दुसरीकडे हलली. मोमोता त्या वेळी सरावासाठी इंडोनेशियात होता म्हणून वाचला. पुढच्याच वर्षी जपानमधल्या चिबा शहरात तो जागतिक ज्युनियर विजेता झाला. जपानच्या मुलांमध्ये हे आधी कुणाला जमलं नव्हतं.

२०१३ मध्ये तो एनटीटी ईस्ट या दूरध्वनी कंपनीत लागला. जपानमध्ये बरेच खेळाडू असे कंपनीच्या पगारपत्रकावर असतात. म्हणजे तोही आपल्यासारखा नोकरदारच! मे २०१४ मध्ये दिल्लीच्या सिरी फोर्टला थॉमस चषकाची अंतिम लढत झाली. जपानने मलेशियाला ३-२ असं हरवून पहिल्यांदा हा चषक जिंकला. एकोणीस वर्षांचा मोमोता त्या संघात होता आणि आपला सामना त्याने जिंकला. २०१५ मध्ये सिंगापूर, इंडोनेशिया आणि वर्षअखेरीला दुबई अशी विजेतेपदं आली. जकार्त्याच्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळालं.

त्याचा खेळ नुसत्या ताकदीचा नव्हता. डोळे दिपवणारा स्मॅश त्याच्याकडे नाही असं नाही, पण त्याची खरी जागा नेटजवळ. रॅकेट शटलखाली नेऊन तो क्षणभर थांबायचा. समोरचा एका बाजूला झुकला की शटल हलकेच दुसरीकडे. आणि बचाव असा की तोच तोच फटका परत परत मारून समोरचाच कंटाळावा. ज्यांनी हा खेळ थोडाफार खेळला आहे त्यांना कळेल, हे हाताचं कमी आणि डोळ्याचं काम जास्त.

३ एप्रिल २०१६ रोजी पुन्हा दिल्लीतच, व्हिक्टर अॅक्सेलसनला हरवून त्याने इंडिया ओपन जिंकली. जागतिक क्रमवारीत तो दुसरा झाला. रिओ ऑलिंपिक चार महिन्यांवर. आणि त्याच आठवड्यात बातमी फुटली की मोमोता आणि त्याचा ज्येष्ठ सहकारी केनिची तागो टोकियोतल्या बेकायदा कॅसिनोत जुगार खेळायला जात होते.

इथे गोवेकर वाचकाला थोडं थांबावं लागतं. पणजीत संध्याकाळी फेरफटका मारणाऱ्या कुणालाही मांडवीतल्या कॅसिनो बोटींचे दिवे दिसतात. आपल्याकडे ते कायदेशीर आहेत. गोमंतकीयांना आत जायला १ फेब्रुवारी २०२० पासून मनाई झाली, एवढंच. जपानमध्ये तेव्हा कॅसिनो हा सरळ गुन्हा होता. मोमोता सहाएक वेळा गेला होता आणि पाचएक लाख येन हरला होता. तागोची मजल साठेक वेळा आणि कोटीभर येनपर्यंत गेलेली. ८ एप्रिलला दोघे सूट घालून पत्रकारांसमोर आले, वाकले, माफी मागितली. मला काही करा, पण मोमोताला पुन्हा संधी द्या, अशी विनवणी तागोने रडत रडत केली. राष्ट्रीय संघटनेने मोमोताला बेमुदत निलंबित केलं. रिओ गेलं. गंमत अशी की त्याच वर्षी डिसेंबरमध्ये जपानच्या संसदेने कॅसिनोंचा मार्ग मोकळा करणारा कायदा मंजूर केला.

निलंबनाची नोंद मी अनेकांच्या सर्व्हिस बुकात केली आहे. चौकशी होते, शिक्षा होते किंवा होत नाही, माणूस परत येतो. पण त्याची ओळख करून देताना लोक आवाज खाली आणून म्हणतात, "तोच तो, सस्पेंड झालेला." दहा-दहा वर्षं हे चालतं. अशी माणसं एक तर कोडगी होतात किंवा मान खाली घालून निवृत्तीचे दिवस मोजतात.

मोमोता यांपैकी काहीच झाला नाही. त्या वर्षभरात तो धावत राहिला. पूर्वी धावणं त्याला मुळीच आवडायचं नाही. मे २०१७ मध्ये बंदी उठली, तेव्हा क्रमवारीत तो कुठच्या कुठे, अडीचशेच्याही खाली गेला होता. मग बेल्जियम, चेक प्रजासत्ताक, नेदरलँड्स, मकाव अशा लहान लहान स्पर्धा जिंकत तो वर चढला. ऑगस्ट २०१८ मध्ये नानजिंगला तो जगज्जेता झाला, पुरुष एकेरीतला पहिला जपानी. सप्टेंबरमध्ये अव्वल क्रमांक. २०१९ हे वर्ष तर त्याचंच. ऑल इंग्लंड धरून एका वर्षात ११ विजेतेपदं, हा विक्रम झाला. बासेलच्या जागतिक स्पर्धेत आपला साई प्रणीत उपांत्य फेरीत त्याच्याकडूनच हरला. अंतिम सामन्यात अँटनसनला त्याने २१-९, २१-३ असं गुंडाळलं. अंतिम सामन्यात समोरच्याला तीन गुण!

गोष्ट इथे संपली असती तर शाळेच्या पुस्तकात धडा म्हणून घालता आली असती. चूक, शिक्षा, पश्चात्ताप, यश. आपल्याला असा हिशेब आवडतो.

१२ जानेवारी २०२० रोजी क्वालालंपूरला त्याने मलेशिया मास्टर्स जिंकली. दुसऱ्या दिवशी पहाटे विमानतळाकडे निघालेली त्याची व्हॅन महामार्गावर पुढच्या लॉरीवर आदळली. तरुण चालक जागीच गेला. मोमोताच्या नाकाचं हाड मोडलं, चेहऱ्यावर जखमा झाल्या. पुढच्या महिन्यात सराव सुरू केला तर एकाची दोन शटलं दिसू लागली. उजव्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलेलं निघालं. शस्त्रक्रिया झाली. डिसेंबरमध्ये तो राष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि जिंकलासुद्धा. कागदोपत्री माणूस तंदुरुस्त.

आमच्याकडे याला 'फिट सर्टिफिकेट घेऊन रुजू' म्हणतात. ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी आमच्या हॉलमधले सगळ्यांत चांगले खेळाडू. स्कूटरला मागून गाडीने धडक दिली; चूक पूर्ण गाडीवाल्याची. तीन महिन्यांनी ते रुजू झाले, नोंद मीच केली. हॉलमध्येही आले. सगळे फटके तेच, पण शटल पडून जायचं आणि मग रॅकेट पोचायची. मी विचारलं तेव्हा ते हसून म्हणाले, "हांव बरो आसां रे. फकत शटल म्हजे पयलीं पावता." हळूहळू ते यायचे बंद झाले. सर्व्हिस बुकात याला रकाना नाही.

टोकियो ऑलिंपिक वर्षभर पुढे ढकललं गेलं. २८ जुलै २०२१ रोजी, प्रेक्षक नसलेल्या हॉलमध्ये, अव्वल मानांकित मोमोता गटातच कोरियाच्या हिओ क्वांग-हीकडून १५-२१, १९-२१ हरला. हिओ तेव्हा क्रमवारीत ३८वा होता. एका ऑलिंपिकला तो स्वतःच्या करणीने मुकला होता. दुसरं त्याच्या घरी आलं आणि हातातून गेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये टोकियोच्याच जागतिक स्पर्धेत प्रणॉयने त्याला हरवलं, आधीच्या सात लढती हरल्यानंतर. आपल्याला आनंद झाला, व्हायलाच हवा. मला मात्र तो सामना शेवटपर्यंत बघवला नाही.

तरी तो खेळत राहिला. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोरिया मास्टर्स जिंकला. एप्रिल २०२४ मध्ये, एकोणतिसाव्या वर्षी, आंतरराष्ट्रीय खेळातून निवृत्ती जाहीर करताना त्याने सांगितलं की अपघातानंतर मन आणि शरीर यांच्यात जे अंतर पडलं ते भरून निघालं नाही. कुणाला दोष दिला नाही. चेंगदूचा थॉमस चषक ही त्याची जपानसाठी शेवटची स्पर्धा.

ऑफिसात हे सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, "नशीब ताचें! जुगार फळाक आयलो." मला हे पटत नाही. जुगाराची किंमत त्याने मोजली होती, पूर्ण मोजली होती. अपघात ही कसलीच शिक्षा नव्हती. आणि असेल, तर त्या गाडीच्या चालकाने कसला जुगार खेळला होता? कर्माला फळाची जोडी लावून दिली की आपलं काम हलकं होतं. समोरच्याचं दुःख मग आपल्याला बघावं लागत नाही.

चुकीतून माणूस उठू शकतो, कारण चूक त्याची स्वतःची असते. तिच्याशी झगडता येतं. जे आपलं नव्हतंच त्याच्याशी कसं झगडायचं? मोमोता चार वर्षं ते करत राहिला. २०१९ ची ११ विजेतेपदं सगळीकडे नोंदलेली आहेत आणि राहतील. माझ्या वहीत मात्र अपघातानंतरची ती चार वर्षं त्यांच्या वर लिहिलेली असतील.