पान पिवळं पडल्यावर

घरात दिव्याखाली वाढवलेलं गांजाचं झाड पहिल्या दुखण्याने क्वचितच मरतं. ते मरतं त्या दुखण्यावर घाईघाईने केलेल्या उपायांनी. खालचं पान पिवळं दिसलं म्हणून खत दिलं जातं, खताने टोकं करपली म्हणून कुंडीत बादलीभर पाणी ओतलं जातं, पाणी साचून झाड मलूल झालं म्हणून ते दुसऱ्या कुंडीत हलवलं जातं आणि हलवताना मुळं दुखावली म्हणून वर एखादं टॉनिक दिलं जातं. आठवड्याभरात चार उपचार होतात, आणि मूळ दुखणं काय होतं हे शोधायला खूणही उरत नाही. अशा बागेत बिघाड झाला की हात आवरणं हे पहिलं कसब आहे, असं माझं ठाम मत आहे. ते आळसाला सोयीचं वाटण्याचा धोका आहे, म्हणून त्याची कारणं मांडायला हवीत. ते कुठे लागू पडत नाही, हेही सांगायला हवं.

आधी जागा स्पष्ट करते. मी लिहिते आहे ते कॅनडातल्या घरगुती बागेबद्दल. तिथे १७ ऑक्टोबर २०१८ पासून एका घराला चार झाडं लावण्याची मुभा आहे; घरात माणसं दोन असोत की सहा, झाडं चारच. क्युबेक प्रांताने घरच्या लागवडीवर बंदी घातली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. मॅनिटोबाने आपली बंदी २०२५ मध्ये उठवली. जर्मनीत एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला तीन झाडं ठेवता येतात. भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली परवान्याशिवाय एक झाड लावणं हाही गुन्हा आहे, तेव्हा महाराष्ट्रातल्या वाचकाने यात लागवडीचा सल्ला शोधू नये. पण बंद खोलीत, विजेच्या उजेडावर काहीही वाढवणाऱ्याला, मग ती पुण्याच्या फ्लॅटमधली ऑर्किडं का असेनात, यातलं बरंच ओळखीचं वाटेल.

चार हा आकडा माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचा आहे. नाशिकचा द्राक्षबागायतदार शंका आली तर एक ओळ बिनफवारणीची ठेवून बाकीच्या बागेशी ताडून पाहू शकतो. चार कुंड्यांत अशा पडताळ्याला जागा नसते. एक झाड गेलं की पाव बाग गेली, त्यामुळे प्रत्येक डाग संकटासारखा दिसतो. शिवाय लक्ष द्यायला झाडं थोडी आणि वेळ भरपूर. शेतकऱ्याची नजर एका झाडावर हंगामात मोजक्या वेळा पडते; घरातला माणूस झाडं ठेवलेल्या टेंटची चेन दिवसातून दहा वेळा उघडून पाहतो. इतक्या निरखण्यातून ज्ञान वाढावं, पण बहुतेकदा अस्वस्थता वाढते, कारण झाड तासागणिक उत्तर देत नाही.

आज पानावर जे दिसतं ते काही दिवसांपूर्वी मुळाशी घडून गेलेलं असतं. नत्र कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याकडे पाठवतं, म्हणून तो पिवळेपणा खालून वर चढतो. कॅल्शियम आणि लोह एकदा पानात बसले की फारसे हलत नाहीत, म्हणून त्यांची उणीव कोवळ्या पानांवर उमटते. कोणतं पान आधी बिघडलं एवढ्या निरीक्षणाने निम्मं निदान होतं, त्याला ना पैसे लागतात ना औषध. पण उपायाचा परिणाम दिसायलाही तसेच दिवस जातात, आणि करपलेला भाग तर पुन्हा कधीच हिरवा होत नाही. जो माणूस त्या जुन्या पानाकडे बघत बसतो त्याला आपला बरोबर उपायही फसला असं वाटतं आणि तो दुसरा सुरू करतो. गिझरचं गरम पाणी नळापर्यंत पोचायच्या आत तोटी आणखी फिरवणाऱ्याला जसा चटका बसतो, तसंच इथे होतं. उपाय जमला की नाही हे फक्त नव्या फुटीवरून ठरतं, आणि नव्या फुटीला आठवडाभर तरी द्यावा लागतो.

यातली सगळ्यांत घातक चूक म्हणजे प्रत्येक पिवळेपणाला उपासमार समजणं. जे अन्नद्रव्य सर्वांत अपुरं असेल त्यावर वाढ अडते, हा कार्ल स्प्रेंगेलने मांडलेला आणि लीबिगने जगभर पोचवलेला एकोणिसाव्या शतकातला नियम खराच आहे. तो शेताच्या विचारातून आला. कुंडीत बहुधा उलट घडतं: खत पुरेसं असतं, किंबहुना जास्त असतं, पण सामू, म्हणजे पीएच, बिघडल्याने मुळांना ते उचलता येत नाही. मातीत सामू साधारण सहा ते सातच्या दरम्यान लागतो, कोकोपीटमध्ये त्याहून खाली, साडेपाच ते सहाच्या आसपास. तो या पट्ट्याबाहेर गेला की भरल्या ताटापुढे झाड उपाशी राहतं. अशा वेळी आणखी खत दिलं तर क्षार साचतात, मुळांना पाणी ओढणं जड जातं आणि पान आणखी पिवळं पडतं. पान जितकं पिवळं तितकं खत जास्त आणि खत जितकं जास्त तितकं पान पिवळं, या फेऱ्यातून बाहेर पडायला खताची बाटली खाली ठेवून निथरलेल्या पाण्याचा सामू मोजावा लागतो.

पाण्याचं तर त्याहून अवघड. तहानलेलं झाड मान टाकतं आणि बुडालेलं झाडही मान टाकतं, कारण मुळांना हवा मिळाली नाही तर त्यांना पाणी घेता येत नाही. शेतकऱ्याला वाफसा कळतो: मातीत ओल आहे, पण कणांमध्ये हवाही खेळते आहे. कुंडीतला वाफसा हाताने कळतो, कुंडी उचलून तिचं वजन तोलल्यावर. वेळापत्रकाने तो कळत नाही, आणि कॅनडात तर मुळीच नाही. हिवाळ्यात हीटिंग चालू असलेल्या घरातली हवा पार कोरडी पडते आणि उन्हाळ्यात तेच तळघर दमट होतं. त्यात जुने सोडियमचे दिवे काढून एलईडी बसवले की आणखी एक बदल होतो. सोडियमच्या दिव्यातून पानांवर पडणारी उष्णता आता पडत नाही, पान त्यामुळे थंड राहतं, बाष्प कमी सोडतं आणि पाणी कमी ओढतं. काल योग्य असलेलं पाणी आज जास्त होतं. मग मातीवर बारीक काळी चिलटं उडू लागतात आणि त्यांच्या अळ्या मुळं कुरतडतात. पिवळे चिकट सापळे लावले की चिलटं पकडली जातात, पण ती आली ती सतत ओल्या राहिलेल्या वरच्या थरामुळे. तो दोन-तीन सेंटिमीटरचा थर पाण्याच्या दोन पाळ्यांमध्ये सुकू दिला की अळ्यांचा जम बसत नाही. इथेही औषध म्हणजे काहीतरी थांबवणंच आहे.

यावर अनुभवी माणूस सरळ आक्षेप घेईल: थांबून बघत बसलात तर लाल कोळी सगळी बाग खाऊन टाकील. आक्षेप अगदी खरा आहे. गरम, कोरड्या खोलीत लाल कोळ्याला अंड्यापासून प्रौढ व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, आणि एकेक मादी शंभरच्या घरात अंडी घालू शकते. तिथे आठवडाभर निरीक्षण करणं म्हणजे शत्रूला एक पिढी बहाल करणं. फुलोऱ्यातल्या करड्या बुरशीचं, बॉट्रायटिसचंही तेच. दाट फुलाच्या आत ती देठापासून सुरू होते, बाहेर एखादं छोटं पान अचानक सुकलेलं दिसेपर्यंत आतला भाग कुजलेला असतो. म्हणून मी बिघाडाची विभागणी अशी करते: कारण स्वतः वाढत जाणारं आहे की नाही? सामू, क्षार, पाणी, उष्णता यांचा बिघाड आपण हात लावला नाही तर बहुधा आहे तिथेच रेंगाळतो किंवा सावकाश बिघडतो. कीड, बुरशी आणि मादी झाडावर उमटलेल्या परागपिशव्या यांचं तसं नसतं, त्या रोज वाढतात. पहिल्या जातीत घाई घातक, दुसऱ्या जातीत दिरंगाई. पान पाहताक्षणी कोणतं औषध हा प्रश्न मनात येतो, त्याच्या आधी हा प्रश्न यायला हवा, आणि त्याच्या उत्तरासाठी पानाची खालची बाजू भिंगातून पाहायला दोन मिनिटं लागतात.

पण घाई करायची तिथेही ती अरुंद ठेवावी लागते. हे पीक जाळून ओढलं जातं, किंवा त्याचा अर्क काढला जातो, त्यामुळे फवारलेलं द्रव्य पिकाबरोबर छातीत जाऊ शकतं. भुरीचंच उदाहरण घ्या. मायक्लोब्युटॅनिल हे बुरशीनाशक द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचं आहे. द्राक्षावर ते नियमात राहून वापरता येतं. तेच तापवलं की त्यातून हायड्रोजन सायनाइड हा विषारी वायू निघू शकतो, आणि कॅनडात गांजावर त्याच्या वापराला परवानगी नाही. तेव्हा भुरी दिसली की आधी बाधित पानं काढणं, हवा खेळती करणं, दमटपणा उतरवणं हीच वाट धरावी. कोळ्यावर भक्षक कोळी सोडता येतात. हरितगृहांत हा मार्ग कित्येक दशकं रुळलेला आहे. आणि करडी बुरशी लागलेलं फूल कापायचं तर बुरशीच्या बरंच खालून, चांगलं दिसणारं थोडं सोबत देऊन. तो माल वाळवून चालवून घेऊ असा विचार मनात येतो तो मेहनतीच्या मायेपोटी, पण बुरशीचे बीजाणू श्वासात घेणं धोक्याचं आहे, ज्यांची प्रतिकारशक्ती क्षीण आहे त्यांना तर फारच. आणि घरात औषध म्हणून हे झाड लावणाऱ्यांत असे रुग्णही असतात.

दुसरा आक्षेप नैतिक अंगाचा आहे. उघड्या शेतात पाऊस, गारा, टोळधाड यांना दोष देता येतो. इथे उजेड आपला, वारा आपला, पाणी आपलं, मग प्रत्येक अपयशही आपलंच नाही का? हा विचार प्रामाणिक वाटतो, पण तो निदान बिघडवतो. पहिली गोष्ट अशी की भिंती उभारताना आपण शत्रूंबरोबर मित्रही बाहेर ठेवतो. पानं धुणारा पाऊस, मावा खाणारे ढालकिडे, खोडाला हलवून बळकट करणारा वारा, हे आत नसतात, म्हणून बाहेर आपोआप निस्तरली जाणारी छोटी चूक आत साचत जाते. सगळं ताब्यात आहे हा समज बंद खोलीत सर्वांत कमी खरा असतो. दुसरी गोष्ट, काही अपयशं रोपाबरोबरच दारातून येतात. हॉप लेटंट व्हिरॉइड हा त्याचा सर्वांत बोलका दाखला. जेमतेम २५६ न्यूक्लिओटाइडांची, प्रथिनाचं कवचही नसलेली ही आरएनएची कडी हॉपच्या वेलीत आधीच माहीत होती. कॅलिफोर्नियातल्या खुरटलेल्या गांजाच्या झाडांत ती २०१९ मध्ये ओळखली गेली. बाधित झाड महिनोन्‌महिने निरोगी दिसू शकतं, आणि त्याच्या फांदीपासून केलेलं प्रत्येक कलम तो वारसा घेऊन निघतं. मग फुलं विरळ, राळ कमी, गंध फिका. ज्याने असं कलम आणलं तो आपल्या खताला, दिव्याला, पाण्याला दोष देत दोन हंगाम घालवतो. स्वतःला अपराधी ठरवण्याच्या भरात खरा अपराधी सुटतो. प्रयोगशाळेची चाचणी तिथे पश्चात्तापापेक्षा कितीतरी उपयोगी.

परवानाधारक दुकानात तयार माल मिळत असताना एवढा खटाटोप का, असंही विचारलं जातं. ज्याला फक्त माल हवा त्याने दुकानात जावं, त्यात काही कमीपणा नाही. पण आपण काय श्वासात घेतो त्यावर काय फवारलं गेलं हे स्वतः जाणण्याची इच्छा मला पुरेसं कारण वाटते, आणि झाडाची भाषा शिकण्याची ओढ हेही.

उरतो तो सर्वांत कठीण निर्णय: झाड कधी सोडून द्यायचं. हात आवरण्याच्या बाजूने इतकं बोलल्यावर हेही म्हणायला हवं की वाट पाहण्याला अंत असतो, आणि तो आधीच ठरवून वहीत लिहून ठेवावा, कारण त्या दिवशी मन सबबी शोधतं. फुलोरा संपायला दोन आठवडे उरले असताना खालची पानं पिवळी पडणं हे झाडाचं वयच आहे, तिथे काहीच करू नये. पण दुसऱ्या आठवड्यातच खुरटलेलं रोप वाचवायला महिना घालवला, तर तेवढ्या काळात नवं बी रुजून त्याच्या पुढे गेलं असतं. आणि चारच्या मर्यादेत आजारी झाड नुसतं आजारी नसतं. ते एका निरोगी झाडाची जागा अडवून बसलेलं असतं, शेजारच्या तिघांना रोग देण्याच्या अंतरावर. व्हिरॉइडची चाचणी बाधित आली तर त्याच दिवशी झाड मुळासकट काढावं, कुंडीतलं माध्यम टाकून द्यावं, बाकीच्या तिघांची चाचणी करावी, आणि कात्री ब्लीचच्या पातळ द्रावणात बुडवावी. अल्कोहोलने पुसणं तिथे पुरत नाही.