हा आवाज कुणाचा? : ब्रिस्टल ते साकोली, ट्रिप-हॉपच्या निमित्ताने

१/ जून १९९४. ‘मिक्समॅग’ या ब्रिटिश संगीत-मासिकात अँडी पेम्बर्टन यांनी एका संथ, धूसर नादशैलीसाठी शब्द वापरला : ट्रिप-हॉप. ज्या ब्रिस्टलच्या कलावंतांना तो पुढे चिकटला, त्यांना तो फारसा रुचला नाही. इतिहासात असे वारंवार घडते. नाव बाहेरचे कुणी देते आणि तेच टिकते. हा थ्रेड त्या संगीताचा आहे, आणि त्याने श्रोत्यांच्या कानाला लावलेल्या एका सवयीचा.

२/ ब्रिस्टल हे इंग्लंडच्या पश्चिमेचे बंदर. अठराव्या शतकात गुलामांच्या व्यापारावर श्रीमंत झालेले. राजा राममोहन रॉय यांचे निधन याच शहरात, २७ सप्टेंबर १८३३ रोजी झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर येथे कॅरिबियन बेटांवरून लोक स्थायिक होऊ लागले. परंतु स्थानिक बस कंपनी कृष्णवर्णीयांना आणि आशियाई लोकांना चालक-वाहक म्हणून घेत नसे. १९६३ साली तिच्या बसगाड्यांवर बहिष्कार पुकारला गेला. २८ ऑगस्टला कंपनी नमली. पुढच्याच महिन्यात नेमला गेलेला शहराचा पहिला गौरेतर वाहक एक शीख होता : रघबीर सिंग.

३/ बंदी उठली, तरी दुरावा उरलाच. २ एप्रिल १९८० रोजी सेंट पॉल्स वस्तीतील एका कॅफेवर पोलिसांनी धाड घातली आणि दंगल उसळली. त्यानंतरच्या वर्षांत याच परिसरात ‘वाइल्ड बंच’ नावाची मंडळी भलेमोठे स्पीकर आणि तबकड्यांचे खोके घेऊन रात्री जागवू लागली. ही ‘साउंड सिस्टीम’ची रीत मूळची जमैकातील किंग्स्टनची. तिच्यात गोऱ्या-काळ्यांचे कान एकत्र आले, आणि त्यातूनच पुढे ‘मॅसिव्ह अटॅक’ हा गट निघाला.

४/ एप्रिल १९९१ मध्ये मॅसिव्ह अटॅकचा ‘ब्लू लाइन्स’ आला. १९९४ मध्ये पोर्टिसहेडचा ‘डमी’, १९९५ मध्ये ट्रिकीचा ‘मॅक्सिनक्वे’. हे शेवटचे नाव म्हणजे ट्रिकीच्या आईचे नाव, मॅक्सिन क्वे. तो चार वर्षांचा असताना ती गेली. ज्या संगीताला लोक ‘रात्रीचे, धुक्याचे’ म्हणून ओळखतात, त्याच्या मुळाशी अशा काही अगदी ठोस गोष्टी आहेत : एक बंदर, एक वस्ती, एक आई.

५/ या संगीताचे मुख्य अवजार सॅम्पलर. जुन्या तबकडीतील दोन-चार क्षणांचा तुकडा उचलायचा, त्याची गती मंदावायची, तो पुन्हा पुन्हा फिरवायचा, त्याखाली जड खर्ज घालायचा आणि वर एक एकाकी आवाज सोडायचा. पोर्टिसहेडने याच्याही पुढे जाऊन स्वतः वाजवलेले संगीत तबकडीवर उतरवले, ती तबकडी मुद्दाम खराब केली आणि मग तिचाच तुकडा वापरला. नव्या कागदाला चहाच्या पाण्याने पिवळेपणा आणावा, तसे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. फरक इतकाच की येथे कुणालाही फसवायचे नव्हते. हवा होता तो जुनेपणाचा स्पर्श.

६/ आता श्रोत्याकडे येऊ. पोर्टिसहेडचे ‘ग्लोरी बॉक्स’ आणि ट्रिकीचे ‘हेल इज राउंड द कॉर्नर’ लागोपाठ ऐकणारा मध्येच थबकतो, कारण दोन्हींखाली तीच सुरावट वाहते. ती आहे आयझॅक हेज यांच्या १९७१ मधील एका रचनेतली. एकदा हे उमगले की कान पूर्वीसारखा राहत नाही. प्रत्येक गाण्यापाशी तो विचारू लागतो, हा आवाज मुळात कुणाचा? अस्सल साधनाचा शोध इतिहासकार कागदावर घेतो. ट्रिप-हॉपचा श्रोता तो कानाने घेऊ लागतो. या संगीताचा टिकाऊ परिणाम शोधायचा तर तो येथे सापडतो.

७/ हा माग काढत निघालेला श्रोता मुंबईपर्यंतही पोचतो. ‘ब्लू लाइन्स’मध्ये जॉन मॅकलॉफ्लिन यांच्या ‘महाविष्णु ऑर्केस्ट्रा’चे तुकडे आहेत. ‘अनफिनिश्ड सिंपथी’ या गाजलेल्या गाण्यातील अशाच एका तुकड्यावरून पुढे दावा झाला आणि न्यायालयाबाहेर तडजोड झाली. ‘महाविष्णु’ हे नाव मॅकलॉफ्लिन यांना त्यांचे गुरू श्री चिन्मय यांनी दिलेले. याच मॅकलॉफ्लिन यांनी पुढे माहीममध्ये वाढलेल्या झाकिर हुसेन यांच्यासह ‘शक्ती’ हा वाद्यवृंद उभा केला.

८/ दुसरी वाट बेळगावहून जाते. तेथे १९२५ साली जन्मलेल्या शोभा गुर्टू ठुमरी-दादऱ्याच्या थोर गायिका. त्यांचे तालवादक पुत्र त्रिलोक गुर्टू यांचा ‘उस्फ्रेत’ १९८८ मध्ये आला, म्हणजे ‘ब्लू लाइन्स’च्या तीन वर्षे आधी. त्यात आईचा कसलेला गळा आणि मुलाचे आधुनिक तालयंत्रण समोरासमोर उभे आहेत. पुढच्या दशकात लंडनमध्ये तलविन सिंग, नितीन सहानी आदींनी ‘एशियन अंडरग्राउंड’ घडवले, तेव्हा हा ध्वनिसंग्रह त्यांच्या कानांवरून गेलेला होता. तलविन सिंग यांच्या ‘ओके’ला १९९९ चा मर्क्युरी पुरस्कार मिळाला. इंग्लंडात जन्मून न्यूयॉर्क राज्यात वाढलेले कर्ष काळे यांनी २००१ च्या ‘रिअलाइज’मध्ये तबला आणि यंत्रनाद यांची तशीच सांगड घातली.

९/ मात्र तुकडा उचलताना नाव मागे राहते, ही या कलेची दुखरी बाजू. २००२ मध्ये अमेरिकेत ट्रुथ हर्ट्स या गायिकेचे ‘ॲडिक्टिव्ह’ गाजले. (ते ट्रिप-हॉप नव्हे, पण प्रश्न तोच.) त्यात ‘ज्योति’ या १९८१ च्या चित्रपटातील लता मंगेशकरांचा आवाज होता, आणि संगीतकार बप्पी लाहिरी यांचे नाव मात्र नव्हते. २००३ च्या आरंभी लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने आदेश दिला की लाहिरी यांचे श्रेय नमूद केल्याशिवाय तो ध्वनिसंग्रह विकता येणार नाही. ज्या आवाजाला आपल्याकडे नावाची गरजच पडत नाही, तो समुद्रापलीकडे जाताच निनावी झाला होता.

१०/ याच्या नेमके उलट दृश्य शंभर वर्षांपूर्वीचे. नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात फ्रेड गैसबर्ग यांनी गौहर जान यांचे ध्वनिमुद्रण केले. गाणे संपताच त्या इंग्रजीत स्वतःचे नाव उच्चारत. तबकड्या तयार होणार होत्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे. तिथल्या कारागिरांना आवाज कुणाचा ते कळावे, ही त्यामागची सोय. त्या सोयीमुळे आज त्यांचा आवाज आणि त्यांचे नाव एकमेकांपासून तोडता येत नाही.

११/ आता साकोली. मुंबई-कोलकाता महामार्गावरचे, भंडारा जिल्ह्यातील हे तालुक्याचे गाव. धानाची शेते, तलाव आणि झाडीबोली यांच्या मुलखात वसलेले. नागपूरच्या बसची वाट पाहत इअरफोन लावून बसलेला येथील एखादा विद्यार्थी आज १९९८ चे ‘टिअरड्रॉप’ सहज ऐकू शकतो. त्याचा शोध त्याला ब्रिस्टल, किंग्स्टन, बेळगाव असा फिरवून आणेल. पण तो शोध घराच्या उंबरठ्यापर्यंत येईल काय?

१२/ कारण दिवाळी सरली की याच भागात गावोगावी मंडई भरते. दंडार उभी राहते, खडी गंमत रंगते, ढोलकी-डफ-तुणतुण्याचा नाद दुरून ऐकू येतो. पुरुषाने लुगडे नेसून स्त्रीभूमिका करण्याची रीत जुनी. पलीकडे वडसा ही झाडीपट्टी रंगभूमीची पेठ. तिथल्या मंडळींची नाटके रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात. स्पीकर, जागरण, मिसळलेले सूर, कष्टकऱ्यांची गर्दी : सेंट पॉल्समधल्या त्या रात्रींशी या रात्रींचे नाते रक्ताचे नसले, तरी स्वभावाचे आहे.

१३/ या नादाचे लिखित दप्तर अपुरेच राहणार. झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. गाणे कागदावर उतरवताना कुणी ‘पानी’चे ‘पाणी’ करून टाकले की त्या बोलीचा पुरावाच पुसला जातो. आवाज जपला तरच बोली जपली जाते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा आणि दंडारीचा अभ्यास व्रत म्हणून केला, म्हणून निदान एवढे तरी शब्दांत आले.

१४/ आज ध्वनिमुद्रणाची वानवा नाही. मंडईत पन्नास हात मोबाइल उंचावतात आणि सकाळपर्यंत चित्रफिती सर्वदूर पोचतात. पण त्यांवर बहुधा शाहिराचे नाव नसते, गाव नसते, साल नसते. उद्या त्यातलाच एखादा तुकडा कुणी उचलून नव्या ठेक्यावर बसवला, तर तो जगभर वाजेलही. पण मागे वळून ‘हा आवाज कुणाचा?’ असे विचारणाऱ्या श्रोत्याला उत्तर मिळणार नाही. आयझॅक हेज सापडतात, कारण तबकडीवर त्यांचे नाव छापलेले होते.

१५/ मॅसिव्ह अटॅकने वर्षानुवर्षे आपल्याच शहरातील कोल्स्टन हॉलमध्ये गाण्यास नकार दिला, कारण ते नाव गुलामांच्या व्यापाऱ्याचे होते. ७ जून २०२० रोजी लोकांनी त्या व्यापाऱ्याचा पुतळा बंदराच्या पाण्यात ढकलला आणि त्याच वर्षी सभागृहाचे नाव बदलले. कोणते नाव पुसायचे, याचा निर्णय ब्रिस्टलने केला. झाडीपट्टीपुढचा प्रश्न साधा आहे, पण घाईचा : कोणती नावे लिहून ठेवायची? दंडारीचे जुने जाणते थकत चालले आहेत. मंडईत मोबाइल उंचावणाऱ्याने मुद्रण थांबवण्याआधी एकदा विचारावे, “बाबा, तुमचं नाव काय? गाव कोणतं?” आणि ते उत्तरही त्याच ध्वनिफितीत राहू द्यावे.