पळस, पऱ्हाटी आणि नखांचा रंग

पळस फुलला की संस्कृत कवींना नखे आठवत. ‘कुमारसंभवा’च्या तिसऱ्या सर्गात पळसाच्या न उमललेल्या, कोवळ्या चंद्रकोरीसारख्या वाकड्या लाल कळ्या म्हणजे वसंताने वनभूमीच्या अंगावर उमटवलेली नखक्षते आहेत. जयदेव ‘गीतगोविंदा’त आणखी पुढे जातो, तिथे तरुणांची हृदये विदारणारी मदनाची नखे किंशुकाच्या फुलांत चमकतात. वसंत आणि रंगलेली नखे यांचे नाते प्रसाधनांच्या कंपन्यांनी जोडलेले नाही, एवढे यावरून म्हणता यावे. मात्र ही नखे वसंताची आणि मदनाची आहेत. वनभूमीची स्वतःची नखे कशी होती, याची चौकशी निदान या श्लोकात कालिदासाने केलेली नाही.

ती करावीशी वाटते याचे कारण आमचे अमडापूर. चिखलीहून खामगावकडे जाताना लागणारे, बल्लाळदेवीचे हे गाव कापसाच्या मुलखातले. दसऱ्याच्या आगेमागे वेचणी सुरू होते आणि पुढे कित्येक महिने बायकांचे हात पऱ्हाटीत असतात. उकललेल्या बोंडाच्या कवचाची टोके वाळून सुईसारखी होतात. मजुरी किलोवर, तेव्हा बोटे जपून चालवणे परवडत नाही. नखांच्या मुळाशी कातडी चिरते, सालपटे निघतात, नखाची कड तुटते. या दिवसांत नखे रंगवलीच तर रंग दोन दिवसही धड राहत नाही. फरदड ठेवली नसेल तर माघाच्या सुमारास शेत मोकळे होते, आणि फाल्गुनात जखमा भरू लागल्या की हात पुन्हा आपला वाटू लागतो. लग्नसराईही पुढ्यात असते. आमच्याकडे नेलपॉलिशचा ऋतू वसंत ठरतो तो असा.

निवड कटलरीच्या दुकानात होते. बाटलीच्या झाकणावर रंगाचा नुसता क्रमांक असतो. आम्ही मात्र रंग मागतो तो लुगड्यांच्या भाषेत. राणी, डाळिंबी, विटकरी, आमसुली, मोरपंखी. दुकानदारही त्याच भाषेत उत्तर देतो, क्रमांक कोणी उच्चारत नाही. (मराठीतल्या रंगनामांवर कोणी प्रबंध लिहिणार असेल तर त्याने सुरुवात ग्रंथालयातून न करता इथून करावी.) ट्यूबलाइटखाली सगळेच रंग गोड दिसतात, म्हणून बाटली उंबऱ्याबाहेर उन्हात नेऊन पाहावी. उन्हाने रापलेल्या हातावर फिकट गुलाबी राखट दिसतो. पळसाचा केशरी खुलतो खरा, पण त्याचा टवका उडाला की दहा पावलांवरून कळते, आणि भांडी घासणाऱ्या हातावर टवका उडणारच. आमचे मत कडुनिंबाच्या कोवळ्या पालवीच्या तांबूस रंगाला. तो नखाच्या अंगच्या रंगाशी जुळून जातो, आणि झिजला तरी चहाडी करत नाही.

लावण्याची रीत सोपी, पण घाईला न जुमानणारी. बाटली जोराने हलवू नये, बुडबुडे होतात. तळव्यांमध्ये रवीसारखी फिरवावी. नखावर तेलाचा अंश नको. आधी एक बिनरंगाचा हात द्यावा, नाहीतर गडद रंगाने नखे पिवळी पडतात. मग ब्रशचा एक फटकारा मधून, दोन कडांनी. मुळाशी केसभर जागा सोडावी. दोन पातळ थर एका जाड थरापेक्षा नेहमीच बरे. मार्चपासून आमच्याकडे ऊन असे तापते की द्रावक ब्रशवरच उडू लागतो, म्हणून दुपार आणि पंखा दोन्ही टाळून दिवेलागणीला बसावे. धुळवडीच्या आदल्या रात्री एक थर दिला तर रंगाचे डाग नखात शिरत नाहीत. पुसून टाकला की दोन्ही रंग गेले.

या पातळ पडद्याचा मुख्य घटक नायट्रोसेल्युलोज. १८४६ साली शोनबाइनने कापूस नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांत बुडवून स्फोटक बनवले. त्याच द्रव्याचा सौम्य अवतार ॲसिटेटांत विरघळवून बाटलीत येतो. त्यासाठी लागणारे सेल्युलोज लाकडाच्या लगद्यातून काढतात, किंवा सरकीला चिकटून राहिलेल्या आखूड तंतूंतून. १८७० मध्ये खामगावला रेल्वे आली ती कापसासाठी. आमच्या हातातल्या बाटलीत कोणत्या शिवारातले तंतू असतील हे सांगता येणार नाही. पण ज्या बोंडाने नख फाडले त्याच्याच जातीचे काहीतरी त्यावर चढते आहे, हे माहीत झाल्यापासून ब्रश जरा सावकाश फिरतो.

घरातल्या वडीलधाऱ्यांना मेंदी चालते, नेलपॉलिश खुपते. रंगल्या हाताने पीठ मळू नये, असे सांगितले जाते. पण आमच्या मते खरे कारण पिठाचे नाही. मेंदीला निमित्त लागते: लग्न, सण, कोणाचे तरी नाव. नेलपॉलिशला काहीच निमित्त लागत नाही. बाई स्वतःच्या पैशाने बाटली आणते, कोणाला न विचारता रंग ठरवते आणि ओसरीवर बसून वीसेक मिनिटे काहीही करत नाही. ओल्या नखांनी काही करताच येत नाही, हीच त्यातली सर्वांत मोठी सोय. पाणी मागणारालाही थांबावे लागते.

अडचण एकच. डावा हात सुरेख रंगतो; उजव्याची पाळी आली की ब्रश डाव्या हातात थरथरतो आणि रंग कातडीवर जातो. म्हणून उजव्या हातासाठी जाऊबाईंना हाक मारली जाते. एरवी वाटणीवरून दोघींत धड बोलणे नसले तरी त्या येतात, समोर मांडी घालून बसतात आणि करंगळीपासून सुरुवात करतात.