फुकट खेळणारी पोरं

ती. ताईस,


आमचा निहार इथं अमेरिकेत कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात गेल्यापासून फोनवर तुझा एकच प्रश्न असतो: शिष्यवृत्ती नाही, पैसा नाही, मग हाडं कशाला मोडून घ्यायची? आज सवडीनं उत्तर लिहितोय.

टीव्हीवर दिसणारं, लाखभर प्रेक्षकांचं कॉलेज फुटबॉल वेगळं. निहारचं कॉलेज डिव्हिजन थ्रीमधलं, म्हणजे तिसऱ्या श्रेणीतलं. तिथं खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायलाच बंदी आहे. शनिवारी सामना, सोमवारी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल, आणि फी आपल्याच खिशातून.

म्हणून हा खेळ लुटुपुटूचा समजू नकोस. या श्रेणीची स्वतःची राष्ट्रीय स्पर्धा 1973 पासून आहे. 2024 पासून तिच्या बाद फेरीत 40 संघ असतात. हरला की हंगाम संपला. बड्या कॉलेजांत मात्र अव्वल कोण, हे वर्षानुवर्षं पत्रकार आणि प्रशिक्षकांच्या मतांवर ठरायचं. त्यांच्याकडे बाद फेरी आली 2014 च्या हंगामात, तीही चारच संघांची. मैदानावर निकाल लावायची पद्धत या फुकट खेळणाऱ्यांनी कितीतरी आधी पाळली.

आमच्या मिनेसोटातल्या सेंट जॉन्स या याच श्रेणीतल्या कॉलेजचे प्रशिक्षक होते जॉन गॅग्लियार्डी. सरावात कुणी कुणाला आडवं पाडायचं नाही, शिट्टी वाजवायची नाही, आणि त्यांना ‘कोच’ न म्हणता नुसतं ‘जॉन’ म्हणायचं! कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वाधिक, 489 विजय याच माणसाच्या नावावर आहेत. या श्रेणीच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या 2003 च्या अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर होता ओहायोचा माउंट युनियन संघ, सलग 55 सामने जिंकून आलेला. जॉनच्या पोरांनी त्यांना 24-6 असं हरवलं.

नोव्हेंबरात इथं बाकावर बसलं की थंडी हाडांत शिरते. आम्ही पालक थर्मासमधला चहा एकमेकांना देतो. सामना संपला की पोरं हेल्मेट काखेत मारून थेट आमच्याकडे येतात. कोपरं खरचटलेली, तोंडानं चौथ्या डावातल्या त्या एका चुकलेल्या पासची चर्चा.

डोक्याला मार लागायची धास्ती मलाही आहे, ती खोटी नाही. हेल्मेट, डॉक्टर, विश्रांती यांवर माझं लक्ष आहे, तुझंही असू दे. पण यातून मिळणार काय, असं त्याला विचारू नकोस. कुठल्या जागेवर खेळतोस, एवढंच विचार. तासभर फोन ठेवणार नाही.

तुझा,
बाळू